सोनकी आणि पोटखराबा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात निसर्गकवितेचा घटक शिकवून संपला होता आणि तासाची पंधरा-वीस मिनिटे उरली होती. आम्ही विद्यार्थ्यांना एक साधे काम सांगितले : आपल्या गावाच्या शिवारात पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या पाच फुलांची नावे लिहा. कागद गोळा करून पाहिले, तेव्हा बहुतेकांनी गुलाब, झेंडू, शेवंती, मोगरा ही बागेतील आणि बाजारातील नावेच लिहिली होती. शहरातील एका विद्यार्थ्याने ‘मिकी माऊस’ असे लिहिले होते. पन्हाळा तालुक्यातील एका वाडीतून येणाऱ्या विद्यार्थिनीने मात्र सोनकी, कवला, तेरडा, गेंद अशी नावे ओळीने लिहून खाली एक वाक्य जोडले होते : ही फुले कुणी लावत नाही, म्हणून लिहावीत की नाही ते कळेना.

त्या चार फुलांपैकी एकच आम्हाला खात्रीने ओळखता आले असते, हे येथे कबूल केले पाहिजे. मराठीत एम.ए. करून वीस-एक वर्षे निसर्गकविता शिकवणाऱ्या आमच्यासारख्या अध्यापकांची ही अवस्था होती. पुढे आम्ही दोघे-तिघे सहकारी भाद्रपदातल्या एका रविवारी पन्हाळ्याच्या पश्चिमेकडील मसाई पठारावर गेलो आणि त्या विद्यार्थिनीच्या यादीतील पहिले फूल पाहिले. दृष्टी पोहोचेल तेथवर पिवळे होते. प्रस्तुत लेख त्या फुलाविषयी आहे. परंतु त्याहून अधिक तो ज्या जमिनीवर हे फूल येते तिच्याविषयी, आणि त्या दोहोंना वेळोवेळी मिळालेल्या नावांविषयी आहे. सोनकी दुर्मीळ नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर ती विपुल आहे. नेमके म्हणूनच तिचा इतिहास लिहिण्यासारखा आहे, असे आम्हाला वाटते. दुर्मीळ वस्तूंचा इतिहास कुणीतरी लिहितोच. विपुल वस्तू कशा नजरेआड होतात, याचा सहसा कुणी लिहीत नाही.

प्रथम फुलाविषयी. सोनकी हे साधारण हातभर उंचीचे, एका पावसाळ्यापुरते जगणारे रोप आहे. श्रावणाच्या अखेरीस ते फुलू लागते आणि दसऱ्याच्या सुमारापर्यंत डोंगरमाथे आणि उतार पिवळे करून सोडते. सूर्यफुलाच्या कुलातील हे रोप असल्यामुळे आपण ज्याला तिचे एक फूल म्हणतो ते वास्तविक अनेक लहान फुलांचे स्तबक असते : मध्ये दाटीने बसलेली बिंबपुष्पके आणि भोवती पाकळीसारखी दिसणारी किरणपुष्पके. विद्यार्थ्यांनी लिहिलेली झेंडू आणि शेवंती याच कुलातील. त्यांतला झेंडू मूळचा अमेरिका खंडातला. आज त्याच्यावाचून आपला दसरा होत नाही. त्याच दिवसांत त्याची एतद्देशीय चुलत बहीण माथ्यावर फुललेली असते, पण ती तोरणात येत नाही. यात झेंडूचा दोष नाही. लावलेले ते फूल आणि आपोआप आले ते तण, ही वाटणी आपल्या मनात किती खोल आहे, एवढेच यावरून दिसते.

‘सोनकी’ हे नाव मराठीच्या एका मोठ्या शब्दकुटुंबातले आहे : सोनचाफा, सोनकुसुम, सोनसळी, सोनटक्का. यांतील सोनटक्का तर बहुधा पांढराच पाहायला मिळतो. म्हणजे ‘सोन’ हा शब्द मराठीत केवळ रंग सांगत नाही, तो मोलही सांगतो. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना या रोपाचा तसा काही उपयोग नव्हता. सोनकी ज्या ‘सेनेसिओ’ प्रजातीत मोडते तिच्यातील अनेक वनस्पतींत गुरांना अपायकारक ठरणारी द्रव्ये असतात, त्यामुळे जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. चाऱ्यालाही न येणाऱ्या रोपाला गुराख्यांच्या भाषेने सोन्याचे नाव दिले, ही गोष्ट आम्हाला लक्षणीय वाटते. लोकभाषा केवळ उपयोगाच्या वस्तूंना नावे देते, हे आपल्याकडचे एक गृहीतक येथे टिकत नाही.

शास्त्राने दिलेल्या नावाची कथा वेगळी आहे. ‘सेनेसिओ’ हा शब्द लॅटिनमधील ‘सेनेक्स’, म्हणजे म्हातारा, यापासून आलेला. फूल सरले की बीजाला पांढऱ्या मऊ केसांचा झुबका येतो आणि वाऱ्याबरोबर बी उडून जाते. त्या पांढऱ्या केसांवरून हे नाव. मराठीने या रोपाचे तारुण्य पाहून नाव ठेवले आणि लॅटिनने वार्धक्य पाहून. एकोणिसाव्या शतकात जोसेफ हूकरने ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या जातीला जॉन ग्रॅहॅम याचे नाव दिले. हा ग्रॅहॅम मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी. मुंबई आणि तिच्या परिसरातील वनस्पतींची त्याची सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली. परंतु तिची छपाई चालू असतानाच खंडाळ्यास वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो वारला आणि उरलेले काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने पुरे केले. पुढे १८६१ साली डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला, आणि १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ. हे कूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. टपाल अधिकारी, वैद्यक आणि वन खात्यातील माणसे, प्राचार्य अशांनी नोकरी सांभाळून सह्याद्रीचे फूल न् फूल नोंदवले. त्यांच्या चिकाटीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

पण ग्रॅहॅमचे नाव या फुलावर टिकले नाही. तेच शास्त्रीय नाव दुसऱ्या एका वनस्पतीला त्याआधीच दिले गेले असल्याचे लक्षात आले आणि नामकरणाच्या नियमानुसार आधीच्या नावाचा हक्क मान्य करावा लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालकृष्णन या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञाने सोनकीला ‘बॉम्बेएन्सिस’ हे नाव दिले. एका माणसाचे नाव जाऊन प्रांताचे नाव आले. गंमत अशी की, कोल्हापूर हे संस्थान होते; मुंबई इलाख्याच्या देखरेखीखाली असले, तरी ते ब्रिटिश मुलखाचा भाग नव्हते. त्यामुळे मसाईवरची सोनकी आज ज्या मुंबईचे नाव मिरवते, त्या मुंबईच्या राज्यात ती ब्रिटिश काळात नव्हतीच. अर्थात शास्त्रीय नावाने अर्थाची एवढी जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरेल. त्या नावाचे काम एकच : कोल्हापूरच्या आणि लंडनच्या अभ्यासकाने एकाच रोपाविषयी बोलावे. ते काम ते नाव चोख करते.

तेव्हा दोष शास्त्रीय नावांत नाही. प्रश्न आहे तो दोन नावांमध्ये ये-जा असण्याचा. कवल्याचे उदाहरण पाहावे. हेही पठारावरचे पिवळे फूल, वाटाण्याच्या कुलातले. त्याच्या ‘स्मिथिया’ या प्रजातिनामात लंडनच्या लिनीयन सोसायटीचे संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ यांचे स्मरण आहे. याच प्रजातीतल्या एका जातीला ‘आघारकराई’ असे नाव आहे : मालवणला १८८४ साली जन्मलेले आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना करणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या स्मरणार्थ. कवल्याच्या काही जातींची कोवळी पाने पावसाळ्यात भाजी म्हणून खातात. म्हणजे या एका फुलात लंडन आहे, मालवण आहे आणि आदिवासी घरातली चूलही आहे. आमच्या शहरी विद्यार्थ्याने लिहिलेले ‘मिकी माऊस’ हे नाव त्याच फुलाचे. पाकळ्यांवरचे दोन ठिपके आणि कानासारखा आकार पाहून पर्यटकांनी ते ठेवले. नवे नाव येण्यात वावगे काही नाही. भाषा अशीच वाढते. पण ‘कवला’ म्हणताना जी भाजी, जी आई, जो आषाढ आठवतो, त्यांपैकी काहीच ‘मिकी माऊस’मध्ये उरत नाही. उरतो तो छायाचित्राचा क्षण.

आता जमिनीकडे वळू. सह्याद्रीच्या या भागातील अनेक माथे जांभ्या दगडाच्या टोपीने झाकलेले आहेत. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारात या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. आपल्याकडे जांभा हा शब्द घराघरात होताच. मूळ काळा पाषाण लाखो वर्षांच्या पावसाने झिजून, त्यातली विद्राव्य द्रव्ये वाहून जाऊन, लोह आणि ॲल्युमिनिअम मागे राहते आणि त्याचे कठीण कवच बनते. या कवचावर माती अगदी थोडी. पावसाळ्यात पाणी साचून राहते, उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. मातीत पोषणद्रव्ये इतकी कमी की, काही वनस्पतींना कीटक पकडून नत्राची गरज भागवावी लागते : दवबिंदू आणि सीतेची आसवे ही त्यांतली दोन. अशा ठिकाणी झाड वाढू शकत नाही, आणि म्हणूनच ही लहान रोपे वाढू शकतात. खडकावरच्या पाण्याच्या पातळ थरात सीतेची आसवे, ओलसर खोलगटात गेंद, आणि जेथे माती थोडी अधिक आहे अशा कडेच्या व उताराच्या जागी सोनकी व तेरडा, अशी त्यांची मांडणी असते. हे सर्व पाच-सहा महिन्यांत उगवते, फुलते, बी टाकते आणि नाहीसे होते. मार्चमध्ये त्याच पठारावर गेलेल्या माणसाला तेथे काहीच नाही असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु ज्याने ‘काहीच नाही’ असे लिहून ठेवले, त्याच्या लेखणीचा परिणाम दूरवर झाला. सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ असा एक रकाना असतो. शब्द पाहण्यासारखा आहे. यातील ‘पोट’ म्हणजे आतला, अंतर्गत; पोटजात, पोटकलम, पोटहिस्सा यांत येतो तोच. ‘खराबा’ हा फारसीमार्गे आलेला अरबी शब्द. उजाड, ओसाड हा त्याचा अर्थ. जमिनीच्या तुकड्यातील लागवडीला न येणारा भाग तो पोटखराबा. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यात नव्या मोजणीला आरंभ केला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. पुढे कोल्हापूर संस्थानातही त्याच धर्तीची मोजणी आली. जमिनीची प्रत ठरवायची ती तिच्यातून सारा किती निघेल यावरून, हे या पद्धतीचे सूत्र होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात एक न्यायही होता, हे विसरता कामा नये : जेथे पिकत नाही तेथे आकारणी नाही. खराबा हा शब्द शेतकऱ्याला दिलासा देणारा होता. परंतु हिशेबाच्या सोयीसाठी केलेली नोंद हळूहळू वर्णन होऊन बसली. ‘येथे सारा नाही’ याचे ‘येथे काही नाही’ झाले. २००० साली केंद्र सरकारने देशाच्या ‘वेस्टलँड्स’चा, म्हणजे पडीक जमिनींचा, नकाशासंग्रह प्रसिद्ध केला; त्यात ओसाड खडकाळ जमीन असा स्वतंत्र वर्ग आहे. महसुली दप्तरातला शब्द उपग्रहाच्या छायाचित्रापर्यंत पोहोचला, अर्थ मात्र तोच राहिला.

मराठीपाशी या जमिनीसाठी दुसरे शब्द नव्हते असे नाही. माळ, सडा, पठार, पड, कुरण, गायरान, रान अशी ही यादी बरीच लांबते आणि यांतला प्रत्येक शब्द वेगळे काही सांगतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याच्या उघड्या सपाटीला सडा म्हणतात. देशावर माळ म्हटले की खडकाळ, गवताचा, झाडे नसलेला उंचवटा डोळ्यांपुढे येतो. कुरण म्हणजे राखलेले गवत. कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी चित्ते पाळले होते आणि काळविटांची ती शिकार माळावरच होत असे. तेव्हा माळ हा दरबाराच्या दृष्टीनेही निरुपयोगी नव्हता. आणि ‘रान’ हा शब्द तर मोठा चमत्कारिक आहे. कोकणात रान म्हणजे जंगल; आमच्या कोल्हापुरात ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेला आहे. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या, तेव्हा त्या शीर्षकातले रान कोणते, हे वाचकाच्या प्रांतावर काही प्रमाणात अवलंबून होते. पिकवलेले आणि आपोआप आलेले या दोहोंना एकच शब्द पुरवणारी ही भाषा, त्यांच्यामध्ये महसूल खात्याइतकी कडक रेघ ओढत नव्हती.

गुंथर सोंथायमर यांनी मराठी मुलखातील धनगरांच्या दैवतांचा अभ्यास करताना ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ अशी एक जोडी मांडली : एकीकडे गुराखी, शिकारी, भटके यांचा प्रदेश आणि दुसरीकडे स्थिर शेती, गाव, मंदिर यांचा. या दोहोंतील देवाणघेवाणीतून बिरोबा, खंडोबा यांसारखी दैवते आकाराला आली, हे त्यांच्या विवेचनाचे एक सूत्र. आमच्या जिल्ह्यात ही देवाणघेवाण आजही पाहता येते. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या तालुक्यांत डोंगरमाथ्यालगत धनगरवाडे आहेत. म्हशी पाळणाऱ्या गवळी-धनगरांच्या जीवनपद्धतीचा माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी अभ्यास केला होता. आणि खाली हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने माणसे, निशाणे, जमीन सारे पिवळे होते, तेही साधारण ऑक्टोबरात, म्हणजे माथ्यावरची सोनकी सरत आलेली असते तेव्हा. या दोन पिवळ्यांचा काही संबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या समाजाचा माळाशी संबंध होता त्याने त्याला ओसाड म्हटले नसते.

मग आमच्या वाङ्मयाने काय केले? बालकवींच्या ‘फुलराणी’तले फूल कोणत्या जातीचे, हे कवी सांगत नाही आणि त्या कवितेला त्याची गरजही नाही. पण आम्ही अध्यापकांनी त्या निनावी फुलालाच निसर्गकवितेचा नमुना मानले आणि नाव विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. महिन्यामहिन्याने झाडाफुलांकडे नावानिशी पाहणारे ते पुस्तक आपण ललितगद्याच्या शैलीचा नमुना म्हणून शिकवतो, पाहण्याची रीत म्हणून क्वचितच. मारुती चितमपल्लींनी जन्मभर वनवासी माणसांकडून शब्द वेचले आणि त्यांचे कोश केले. २०२५ साली ते गेले, तेव्हा त्यांच्यावर लेख पुष्कळ आले, पण त्यांनी जमवलेले किती शब्द आपल्या वर्गात वापरले जातात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. २००२ साली शिवाजी विद्यापीठाने श्रीरंग यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच विद्यापीठात मराठी शिकलेल्या आम्हाला तो ग्रंथ हातात घ्यायला पुढे कितीतरी वर्षे लागली. तो इंग्रजीत आहे ही सबब पुरेशी नाही.

इतिहासाचेही तसेच. मसाई पठाराचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते १६६० च्या जुलैतील एका रात्रीमुळे. सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निघाले आणि याच पठारावरून विशाळगडाकडे गेले. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला. दरवर्षी जुलैत हजारो तरुण ती वाट चालतात आणि ते पाहून कुणालाही भरून येईल. परंतु या कथेत पठार येते ते वाट म्हणून. तुडवून पार करायची जागा म्हणून. जुलैत सोनकीची रोपे नुकती बोटभर असतात. ती फुलतात तेव्हा इतिहासाचे यात्रेकरू घरी परतलेले असतात, आणि छायाचित्रे काढणारे वेगळे लोक येतात. एकाच पठाराचे दोन वाचक, आणि त्यांची गाठ पडत नाही.

हे सर्व केवळ शब्दांचे असते, तर एवढा प्रपंच केला नसता. परंतु जमिनीचे जे नाव असते, त्यावर तिचे पुढे काय होणार हे पुष्कळदा ठरते. जांभ्यात ॲल्युमिनिअम असते, म्हणजेच बॉक्साईट असते. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला, शाहूवाडी तालुक्यातही, बॉक्साईटच्या खाणी झाल्या. खाणीला विरोध करणे सोपे आहे. आमच्या स्वयंपाकघरातली भांडी आणि खिडक्यांच्या चौकटी त्याच धातूच्या आहेत, आणि खाणीवर रोजगार मिळवणारी माणसे आमच्याच विद्यार्थ्यांचे वडील आहेत. पण खाण संपल्यावर माती पसरून झाडे लावली की जमीन पूर्ववत झाली, असे जे म्हटले जाते त्याचा विचार करावा. दगडाचे जे कवच बनायला लाखो वर्षे लागली, ते तर गेलेलेच असते. ‘खराबा’ होता तेथे ‘वन’ झाले, म्हणजे कागदोपत्री सुधारणाच झाली. या हिशेबात सोनकी, गेंद, सीतेची आसवे यांना रकानाच नाही.

आणि येथे आम्हाला आमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन अशाच एका माळावर वृक्षारोपण केले होते. पहारीने जांभा फोडून खड्डे घेतले, खालून माती आणली, रोपे लावली, त्यांना पाणी घालतानाची छायाचित्रे अहवालाला जोडली. ‘उजाड माळ हिरवा करू या’ हे फलकावरचे वाक्य आमच्यापैकीच एकाने लिहिले होते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक रोपे वाळून गेली आणि आम्ही पाण्याच्या टंचाईला दोष दिला. तो माळ उजाड नव्हता, तो फक्त त्या महिन्यात झोपलेला होता, हे कळायला त्या विद्यार्थिनीचा कागद यावा लागला. आमच्या हातून जे झाले ते दुष्टपणाने झाले नाही. ते एका विशेषणामुळे झाले. भाषेच्या अध्यापकांना याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट कोणती असेल?

मात्र याचा अर्थ माळ जसाच्या तसा, माणसाचा हात न लागता ठेवावा, असा नाही. येथे साताऱ्याच्या कास पठाराचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा मानले. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि आमच्या जिल्ह्यातील राधानगरी ही चार. कासला गर्दी लोटली, तिला आवरण्यासाठी कुंपण घातले गेले. त्यामुळे चराईही थांबली. काही वर्षांनी गवत माजून फुले कमी होत असल्याची तक्रार येऊ लागली आणि ते कुंपण काढण्यात आले. शतकानुशतके तेथे गुरे चरत होती; त्यांचे खाणे आणि तुडवणे हाही त्या फुलांच्या इतिहासाचा भाग होता. राधानगरीचे जंगल राखले गेले, कारण ते संस्थानच्या शिकारीचे होते, आणि १९५८ साली दाजीपूरला अभयारण्य झाले ते गव्यासाठी. माळाला असा आश्रयदाता मिळाला नाही. तो टिकला तो गुराख्यांच्या वहिवाटीने. २०२२ साली मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की, या नव्या नावाखाली पठारावरची जुनी वहिवाट आणि जुने शब्द यांना जागा राहील का?

गेल्या भाद्रपदात आम्ही त्या वृक्षारोपणाच्या माळावर पुन्हा गेलो. या वेळी वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी बरोबर होते. आम्ही खणलेले खड्डे ओळखू येत होते, कारण त्यांच्याभोवती, उकरलेल्या मातीवर, सोनकी दाट फुलली होती. आम्हाला बरे वाटले; आमच्या चुकीला निसर्गाने क्षमा केली, अशा अर्थाचे काहीतरी आमच्यापैकी एकजण बोललाही. सहकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. सोनकीला थोडी अधिक, हलवलेली माती चालते, ते म्हणाले. रस्त्याच्या कडेलाही ती येते. पण खड्ड्याच्या जागी पूर्वी जो अखंड कातळ होता, त्यावरच्या पाण्यात जे येत होते ते येथे आता येणार नाही. मग त्यांनी दहा पावलांवरच्या न फुटलेल्या कातळाकडे बोट दाखवले. आम्ही गुडघे टेकून पाहिले, तेव्हा पाण्याच्या बोटभर थरात जांभळी, नखाएवढी सीतेची आसवे दिसली. उभे राहून ती दिसत नव्हती.

तेव्हा सोनकीच्या सोन्यावरही फार विसंबू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. ती विपुल आहे म्हणून पठार सुखरूप आहे, असे नाही. कधी कधी तिचे पिवळेपण दुसरे काही गेल्याची खूणही असू शकेल. नाव ठाऊक असणे ही पाहण्याची सुरुवात आहे, एवढाच दावा आम्ही करतो.

वर्गातील तो प्रश्न आम्ही आता दरवर्षी विचारतो, पण थोडा बदलून. पाच फुलांची नावे लिहा, ती कुणाकडून ऐकली ते लिहा, आणि ती जेथे येतात त्या जागेला गावात काय म्हणतात तेही लिहा. आलेल्या कागदांतून एक वही तयार होत आहे. तीत एकाच फुलाला तीन वाड्यांत तीन नावे आहेत, काही नावांपुढे ‘आजीला विचारून सांगते’ असे लिहिलेले आहे, आणि जागेच्या रकान्यात माळ, सडा, टेक, पड, देवाचं रान असे शब्द आहेत. ‘पोटखराबा’ हा शब्द अद्याप एकाही विद्यार्थ्याने लिहिलेला नाही.